दुश्मनाचा रंग

"सर, दुश्मन को कौनसा रंग मारूं?"

सातवीतल्या एका मुलाने हा प्रश्न विचारला तेव्हा त्याच्या डाव्या हातात बोटाएवढा एक शिपाई होता, उजव्या हातात ब्रश होता आणि समोर पोस्टर कलरच्या बाटल्या उघड्या पडल्या होत्या. शनिवारची शाळा सुटली होती. वर्गात आठ-दहा मुले-मुली मागे थांबली होती. आम्ही उत्तर देण्यासाठी तोंड उघडले आणि तसेच मिटले. बी.एड.ला प्रश्नोत्तर पद्धतीवर आम्ही चांगले गुण मिळवले होते. वर्गात मुलाने विचारावे आणि आम्ही सांगावे, अशी इतक्या वर्षांची सवय. पण हे उत्तर आमच्याकडे तयार नव्हते. "आत्ता नुसता पांढरा हात मार, रंगाचे सोमवारी बघू," असे सांगून आम्ही वेळ मारून नेली. मूल मान डोलावून कामाला लागले. आम्ही मात्र त्या प्रश्नाजवळून अजून हललेलो नाही.

झाले होते ते असे. शाळेच्या प्रदर्शनात इतिहासाचा एक टेबल आमच्याकडे आला होता. तक्ते आणि चित्रे दर वर्षीचीच. या वेळी मुले म्हणाली, आपण लढाई करू. लढाईही आपल्याच मुलखातली निवडली, भातवडीची. अहमदनगर शहराचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, बोलताना लोक अजून 'नगर'च म्हणतात. त्या नगरपासून काही कोसांवर भातवडी, म्हणजे आजचे भातोडी. १६२४ मध्ये मलिक अंबरने येथे आदिलशाही आणि मोगल यांच्या एकत्र फौजेचा पराभव केला. मुलांनी दोन टेबले जोडली, त्यांवर गोणपाट पसरून माती थापली, भुसा हिरवा रंगवून गवत केले आणि जुन्या आरशाच्या तुकड्याचा तलाव केला. मग फौज. तारेचा सांगाडा, त्यावर कागदाचा लगदा, लगद्यात डिंक आणि फळ्याखाली साचलेली खडूची भुकटी. एका बाजूला चाळीस, दुसऱ्या बाजूला चाळीस. घोडे करताना सगळ्यांचीच दमछाक झाली. चार पाय असूनही घोडा उभा राहत नाही, हे त्या आठवड्यात आम्हीही शिकलो.

मातीच्या फौजेशी आमची ओळख मात्र जुनी आहे. जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमचे बालपण गेले. दिवाळीची सुट्टी लागली की गल्लीत किल्ला व्हायचा. दगड, विटा, चिखलात बुडवलेली पोती, वरून गेरू आणि मातीत पेरलेले अळीव. आमचे अब्बा गवंडी. त्यामुळे बुरूज आणि पायऱ्या हे काम आमच्याकडे, आणि ते इतर कोणाला आमच्यासारखे जमत नसे. बाजारातून मावळे आणले जात. सिंहासनावर महाराज, भालदार, चोपदार, तुतारीवाला, तोफेजवळचा गोलंदाज, एखादी गवळण, गुहेच्या तोंडाशी वाघ. मावळ्यांचे रंग पावसाळी हवेत हाताला लागत. किल्ला पुरा झाला की लढाईचा खेळ सुरू होई, आणि मग कोणीतरी म्हणे, "तू खान हो."

त्यात दुष्टावा नव्हता. नाव तसे होते म्हणून काम तसे. आम्हीही हौसेने पोटाला उशी बांधून खान झालो आणि अंगणात धाडकन पडलो. सगळे हसले, आम्हीही हसलो. पुढे त्याच घरच्या काकूंनी हातावर करंजी ठेवली, ती आम्ही खान म्हणूनच खाल्ली. त्यातले काय टोचले ते कळायला मात्र पुष्कळ वर्षे गेली. त्या किल्ल्यावर पन्नास मावळे असत, पण समोरची फौज कधीच नसे. बाजारात शत्रू विकत मिळे तो एकच, आणि तोही मरतानाच मिळे. १६५९ च्या त्या भेटीत खानाच्या बाजूने वकील कृष्णाजी भास्कर होते आणि महाराजांच्या अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम होता, हे त्या मूर्तीत मावत नाही. प्रतापगडाच्या पायथ्याशी खानाला इतमामाने मूठमाती दिली गेली, असे परंपरेने सांगितले जाते. तेही तिच्यात मावत नाही. मूर्ती लहान असते, तिच्यात थोडेच मावते. काय मावू द्यायचे ते करणाऱ्याच्या हाताने ठरते.

आमची फौज अर्धी झाली असताना एका विद्यार्थ्याचे वडील शाळेत आले. सज्जन माणूस, भंगाराचा व्यवसाय, पाचही नमाजा वेळेवर. दारातूनच म्हणाले, "मास्टर साब, बच्चों से बुत बनवा रहे क्या?" आम्हाला प्रथम राग आला. वास्तविक राग येण्यासारखे त्यात काही नव्हते. प्राण्याची प्रतिमा घडवणाऱ्याला कयामतच्या दिवशी सांगितले जाईल की आता यात जीव घाल, आणि तो घालू शकणार नाही, या अर्थाची हदीस आपल्या घरांत लहानपणापासून ऐकवली जाते. त्याचबरोबर दुसरीही एक रिवायत आहे. हजरत आयेशा यांच्या बाहुल्यांत चिंध्यांचे पंख लावलेला एक घोडा होता. घोड्याला पंख कसे, असे पैगंबरांनी विचारले. हजरत सुलेमान यांच्या घोड्यांना पंख होते असे तुम्ही ऐकले नाही का, असे त्यांनी उलट विचारले, तेव्हा पैगंबर मनमोकळे हसले. मुलांच्या खेळण्यांना अनेक उलेमा सूट देतात ती अशाच रिवायतींच्या आधारे. त्या गृहस्थांना हे ठाऊक होते. ते म्हणाले, "खेलना अलग, सजा के रखना अलग." आम्ही फतवा देणारे कोण? शेवटी दोघांचे एका गोष्टीवर जुळले. शिपायांना डोळे, नाक, तोंड काढायचे नाही. चेहऱ्याच्या जागी नुसता त्वचेचा रंग.

ही तडजोड आम्ही त्या वेळी नाइलाजाने केली. नंतर विचार करता वाटले, त्या इशाऱ्यात एक मोठी गोष्ट आहे आणि ती खेळण्याच्या फौजेला नेमकी लागू पडते. बोटाएवढे ऐंशी जीव आपण घडवतो. कोण पुढे उभा राहील, कोण पडेल, हे आपण ठरवतो. पडलेला पुन्हा उभा करतो. एवढी सत्ता एवढ्या स्वस्तात दुसरीकडे कुठे मिळत नाही. जीव घालता येत नसताना जिवांचा मालक असल्यासारखे वागणे, या अहंकारावरच तर त्या हदीसचे बोट आहे.

पण चेहरा काढून टाकला की प्रश्न संपतो असेही नाही. बुद्धिबळाचे पाहा. चतुरंग म्हणजे हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ अशी चार अंगांची फौज. हा खेळ हिंदुस्थानातून इराणात गेला, तेथे शतरंज झाला आणि अरबांकडून पुढे युरोपात पोहोचला. मुस्लिम मुलखांत त्याची मोहरी बहुतेक बिनचेहऱ्याची घडवली गेली. नुसता घुमट, नुसता उंचवटा, हत्तीच्या जागी दोन टोके. निशापूरला सापडलेला बाराव्या शतकातला असा एक संच न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. दिसायला तो सुंदर आहे. मात्र त्या बिनचेहऱ्याच्या प्याद्याचे पटावर काय होते? आपण सहज म्हणतो, "प्यादे मारले." कोणाच्या मनाला काही होत नाही. चेहरा दिला तर माणूस घडवल्याचा गर्व, चेहरा काढला तर माणूस मारल्याचा विसर. या दोन्ही खड्ड्यांच्या मधून वाट काढायची आहे.

याच सुमारास पुण्याहून आमचा एक मामेभाऊ आला. संगणकाच्या नोकरीत आहे. त्याला परदेशी वळणाचा एक छंद आहे. प्लॅस्टिकचे इंचभर उंचीचे सैनिक सुटे भाग जोडून उभे करायचे, त्यांना अस्तर द्यायचे, पातळ रंगाचे हात चढवायचे, खाचांत गडद रंग सोडायचा, उंचवट्यांवरून कोरडा ब्रश फिरवायचा. एक फौज रंगवायला त्याला महिने लागतात. मग दोघे-तिघे मित्र टेबलाभोवती जमून फासे आणि मोजपट्टी घेऊन लढतात. आम्ही थट्टा केली तेव्हा तो म्हणाला, "भाईजान, तीन महिने बसून रंगवलेला शिपाई एका फाशात मरतो ना, तेव्हा खरंच वाईट वाटतं."

या छंदाचा इतिहास आम्ही मग वाचून काढला. त्यात दोन वाटा दिसतात. प्रशियात राइसविट्झ पितापुत्रांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी युद्धाचा खेळ तयार केला. १८२४ मध्ये मुलाने तो लष्कराच्या प्रमुखांना दाखवला. त्यांना तो खेळ न वाटता लढाईची तालीम वाटली आणि सैन्याने तो उचलला. दुसरी वाट एच. जी. वेल्स या इंग्रज लेखकाची. त्याने १९१३ मध्ये खेळण्यातल्या शिशाच्या सैनिकांनी लढण्याचे नियम सांगणारे एक पुस्तक लिहिले. ज्यांना युद्धाची फार खुमखुमी आहे त्यांनी ती जमिनीवर, खेळण्यांवर भागवावी आणि खऱ्या माणसांना सोडावे, असे त्याचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले. ज्या मुलांनी शिशाचे सैनिक उभे केले आणि पाडले होते त्यांतली कित्येक खंदकांत पडली. वेल्स खोटा होता असे आम्ही म्हणणार नाही. पण खेळणे आपोआप शहाणपण शिकवत नाही, एवढे त्यावरून कळते. खेळणे हातात देणाऱ्यालाच काही करावे लागते.

सोमवार उजाडला. पांढरे अस्तर वाळलेले ऐंशी शिपाई टेबलावर होते. डोळे नाहीत, नाक नाही, सगळे एकसारखे. एक मुलगी म्हणाली, "सर, ये तो पैचानतेच नई, कौन किस का." मुलांनी आधीच ठरवून टाकले होते. आपले हिरवे, दुश्मन भगवे. हे त्यांना आम्ही शिकवले नव्हते. पण प्रामाणिकपणे सांगायचे तर नको असेही कधी शिकवले नव्हते. चौथीत महाराजांचा इतिहास आमची मुलेही शिकतात, उर्दूतून. गल्लीतल्या किल्ल्यावरची मुले शिकतात, मराठीतून. तिकडे रंग उलटे असतात, एवढाच फरक. आम्ही स्वतःही वर्गात 'आपली फौज' हे शब्द कितीदा आणि कोणासाठी वापरले, याचा त्या दिवशी प्रथमच हिशेब केला. तो लिहून दाखवण्यासारखा नाही.

"चला, एकेक माणूस उभा करू," आम्ही म्हणालो. फळ्यावर दोन रकाने केले. मलिक अंबरकडे कोण? स्वतः अंबर, आफ्रिकेतून गुलाम म्हणून विकत आणलेला हबशी, निजामशाहीचा कारभारी. त्याच्याबरोबर हबशी आणि दख्खनी मुसलमान सरदार. आणि शहाजीराजे भोसले, त्यांचे धाकटे भाऊ शरीफजी. मुले थबकली. मग समोरच्या बाजूला कोण? विजापूरकरांचा सेनापती मुल्ला मुहम्मद लारी, मोगलांचे सरदार. आणि लखुजी जाधवराव, म्हणजे शहाजीराजांचे सासरे, जिजाऊंचे वडील, जे त्या वेळी मोगलांकडे होते. मुल्ला मुहम्मद लढाईत मारला गेला. या बाजूला शरीफजी मारले गेले. त्यांची समाधी भातोडीत आहे. आणि शहाजी, शरीफजी ही नावे कुठून आली, तर नगरच्या शाह शरीफ यांच्या दर्ग्याला मालोजीराजांनी केलेल्या नवसातून, असे सांगतात. त्या दर्ग्यावर आमच्या वर्गातली निम्मी मुले जाऊन आलेली आहेत.

वर्गात थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग तोच मुलगा, ज्याने शनिवारी प्रश्न विचारला होता, वैतागून म्हणाला, "सर, फिर तो रंगच नई जमता!"

रंग खरोखरच जमत नव्हता. हिरव्याचा एक गट करावा तर हिरवे दोन्ही बाजूंना. भगव्याचा करावा तर तेही दोन्ही बाजूंना. उपाय मामेभावाने सुचवला. त्याच्या छंदातली ती साधी युक्ती आहे. प्रत्येक शिपाई लहानशा गोल बैठकीवर चिकटवलेला असतो. अंगावरचे कपडे ज्याचे त्याला शोभतील तसे रंगवायचे आणि बाजू ओळखण्यासाठी बैठकीच्या फक्त कडेला रंग द्यायचा. आम्ही अंबरच्या बाजूला निळी कड दिली, समोरच्यांना पिवळी. मग मुले मोकळी झाली. पगड्या, जामे, शेले, ढाली, हवे तसे रंग दोन्ही फौजांत वाहू लागले. काळा म्हणून वर्गात चिडवला जाणारा एक मुलगा अंबरच्या चेहऱ्याचा रंग तासभर मिसळत बसला आणि मनासारखा जमल्यावर ती बाटली त्याने कोणाला हात लावू दिली नाही.

त्या कडेने आम्हाला उत्तर दिले. बाजू माणसाच्या अंगाला नसते, त्या दिवशी तो ज्या जमिनीवर उभा आहे तिला असते. लखुजी जाधवराव काही वर्षांपूर्वी निजामशाहीतच होते. शहाजीराजेही पुढे निजामशाही, आदिलशाही, मोगल असे करत अखेर विजापूरकडे स्थिरावले. कातडी तीच, पगडी तीच, बैठक बदलली. आपण मात्र कड सोडून थेट अंगावर ब्रश चालवतो, आणि अंगाला लागलेला रंग मग पिढ्यान्‌पिढ्या निघत नाही.

येथे कोणी विचारील, मग न्याय-अन्याय काही नाहीच का? सगळे सारखे? तसे आम्ही म्हणत नाही. १५९५ मध्ये शहजादा मुरादच्या मोगल फौजेने नगरच्या किल्ल्याला वेढा घातला, सुरुंगाने तट पाडला आणि चांदबीबीने रातोरात ते भगदाड बुजवून घेतले. तेव्हा कोण घर राखत होते आणि कोण घर घ्यायला आले होते, यात शंका नाही. कड रंगवावीच लागते, आणि अन्यायाच्या बाजूला उभ्या असलेल्याला तसे म्हणावेही लागते. पण त्याच चांदबीबीचा शेवट आठवा. १६०० मध्ये मोगल पुन्हा आले. किल्ला टिकणार नाही हे ओळखून तिने तहाचा विचार केला. ती शत्रूला मिळाली अशी आवई उठली आणि तिच्याच माणसांनी तिला ठार केले. थोड्याच दिवसांत किल्ला मोगलांनी घेतला. जिने तट राखला तिच्या अंगावर अफवेने दुश्मनाचा रंग मारला, आणि मारणाऱ्यांनी तो कोणाच्या हाताने लागला हे पाहिले नाही. एका आवईवर बाजार बंद होतो, शाळेतून मुलांना लवकर न्यायला पालक धावत येतात, असे दिवस आपल्यापैकी कोणी पाहिले नाहीत? त्या दिवशी दोन्ही गल्ल्यांत ब्रश चालूच असतात.

प्रदर्शनाआधी आम्ही मुलांना नगरच्या रणगाडा संग्रहालयात नेले. १९९४ पासून ते आहे. लगद्याच्या घोड्यांवरून थेट त्या लोखंडापुढे उभे राहिल्यावर मुले गप्प झाली. पाकिस्तानकडून हस्तगत केलेल्या पॅटन रणगाड्यापाशी त्यांना १९६५ मधले हवालदार अब्दुल हमीद आठवले, ते आठवणारच. जीपवरच्या तोफेने त्यांनी असे रणगाडे फोडले आणि त्यातच ते शहीद झाले. त्यांचे नाव आपण इतरांपुढे दाखल्यासारखे धरतो. एका मुलीने वेगळेच विचारले, "सर, इस के अंदर भी लोग थे ना?" हो, होते. दाखला दाखवण्याच्या घाईत हा प्रश्न आम्हाला कधी पडला नव्हता.

प्रदर्शनाच्या दिवशी मुलांनी लढाई हलवून दाखवली. तलावाचा बांध फोडून अंबरने शत्रूच्या छावणीभोवती चिखल केला, असे सांगतात. तो चिखल मुलांनी खराच केला आणि मुख्याध्यापकांच्या बुटांना लावला. दर खेळानंतर पडलेले शिपाई उभे करून पुन्हा सुरुवात होई. दोन मात्र पडलेलेच ठेवायचे असे मुलांनी आपसांत ठरवले होते. एक निळ्या कडेचा शरीफजी, एक पिवळ्या कडेचा मुल्ला मुहम्मद. का, असे एका पाहुण्यांनी विचारले तेव्हा उत्तर आले, "वो सच्ची में मरे थे."

ते भंगारवाले गृहस्थही आले. बराच वेळ टेबलापाशी वाकून पाहत होते. शेवटी म्हणाले, "चेहरा नहीं है, फिर भी आदमी लग रहे." पुढे म्हणाले, "अब सजा के मत रखना." आम्ही शब्द पाळला. फौज बुटांच्या दोन खोक्यांत घालून कपाटात ठेवली आहे. दोन्ही फौजा एकाच खोक्यात मिसळल्या गेल्या होत्या, आम्ही त्या वेगळ्या केल्या नाहीत.

मुलांनी लढाई खेळावी की खेळूच नये, याचा निकाल आम्हाला अजून लावता आलेला नाही. खेळणार असतील तर समोरची फौजही त्यांनीच, तेवढ्याच निगुतीने घडवावी, एवढा एक नियम आम्ही आमच्या वर्गापुरता केला आहे. कयामतच्या दिवशी तोंडे बंद होतील आणि हात बोलतील, असे आपण मानतो. हातांनी काय काय घडवले ते तर ते सांगतीलच. कोणाच्या अंगावर कोणता रंग मारला, तेही सांगतील. येत्या दिवाळीत शेजारच्या गल्लीतली मुले बुरूज बांधायला बोलावणार आहेत. अब्बांची थापी अजून घरात आहे. खान व्हायला सांगितले तर काय म्हणायचे, ते आम्ही अजून ठरवतो आहोत.